ठोसेघर: दिसला, नाही दिसला, नुसता ऐकला

जुलै लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "तुम्ही साताऱ्यातच ना, ठोसेघरच्या धबधब्याला पाणी आहे का हो?" जुलैत पाणी असतंच. विचारायचं ते धुक्याचं. गेल्या रविवारी पाहुण्यांना घेऊन गेले. बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा ऊन, सज्जनगडाचा फाटा मागे पडेपर्यंत भुरभुर, आणि गॅलरीत पोचलो तर समोर पांढरी भिंत. पाऊण तास उभे होतो. खाली धबधबा आहे हे कानांना कळत होतं तेवढंच. पाहुणे सभ्य, "छान वाटलं" म्हणाले. परतताना गाडीत कुणी बोललं नाही.

तुमचं काय झालं ते लिहा. कधी गेलात, काय दिसलं, काय राहिलं. फॉरवर्ड केलेले फोटो नकोत.

यष्टीप्रेमी
1988. कॉलेज बुडवून आम्ही पाच जण स्टँडवरून लाल डब्यात बसलो. तेव्हा उरमोडीचं धरण नव्हतं, आता जिथे पाणी दिसतं तिथे परळीच्या खोऱ्यात भातखाचरं होती. बोरणे घाटात गाडी अशी कण्हायची की कंडक्टरच "बसा, बसा, चढंल ती" म्हणून धीर द्यायचा. आम्ही भर दुपारी कड्याच्या अगदी टोकाला पालथे पडून खाली बघितलं होतं. आज मुलाने असं केलं तर त्याला दोन ठेवून देईन. परतीची गाडी चुकली, सज्जनगडाच्या फाट्यापर्यंत भिजत चालत आलो. घरी सांगितलं की लायब्ररीत होतो. आईने ओल्या चपलांकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही.

माहेरवाशीण
माझी फजिती ऐका. लग्नानंतरचा पहिला श्रावण, सासरची सगळी मंडळी नागपूरची. माहेरचा धबधबा दाखवते म्हणून मीच आग्रह केला. धुकं! सासूबाई रेलिंगला धरून शांत उभ्या. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात वारा फिरला आणि पडदा सरकावा तसा ढग बाजूला झाला. मिनिटभर असेल. मी पर्समध्ये मोबाईल शोधत होते, त्यामुळे सासूबाईंनी पाहिला आणि मी नाही. बारा वर्षं झाली, अजून सगळ्यांना सांगतात, "हिच्या गावचा धबधबा मी पाहिलाय, हिने नाही."

खडकवेडा
पावसाळा संपताना जा, सप्टेंबरच्या शेवटी. पाणी कमी असतं पण कातळ दिसतो, आणि तो बघण्यासारखा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. मधले मऊ थर झिजतात, वरचा टणक थर ओठासारखा पुढे राहतो, म्हणून धार कड्याला न घासता सुटी पडते. वरच्या पठारावरचा जांभा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पाऊस उघडला तरी ओहोळ लगेच आटत नाहीत. हे पाणी तारळी नदीचं. ती पुढे उंब्रजजवळ कृष्णेला मिळते. डिसेंबरात मात्र जाऊ नका, ओली रेघ बघून याल.

शनिवारपेठी
पुण्याहून पहाटे 5 ला निघालो. 15 ऑगस्टला जोडून सुट्टी. पार्किंगच्या रांगेत जितका वेळ गेला तितक्या वेळात कोल्हापूर गाठलं असतं. तरी एक कबूल करतो, जातिवंत भजी होती.

पायऱ्यांचा शत्रू
आम्ही आधी सज्जनगड केला. समर्थांच्या समाधीचं दर्शन, दुपारी मठातला प्रसाद, मग ठोसेघर. क्रम उलटा ठेवू नका. भिजलेल्या कपड्यांनी गडाच्या पायऱ्या चढणं काय असतं हे मागच्या खेपेला कळलं होतं. वेळ उरला तर पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. धुक्यात त्यांचंही नुसतं पातं ऐकू येतं, सूं… सूं… लेक घाबरून बिलगली होती.

वरच्या आळीचा
मी ठोसेघरचाच. तुम्ही लोक दिसला-नाही दिसला लिहिताय, मजा वाटली. आम्ही त्याला बघायला कधी जातच नाही. रात्री अंथरुणात पडलं की आवाजावरनं कळतं वर पाऊस किती झालाय. आवाज एकदम जड झाला की आजी म्हणायची, सकाळी जनावरं वढ्याकडं सोडू नका. आता शनिवार-रविवार गाड्यांच्या हॉर्नमुळं तो आवाज येत नाही, सोमवारी येतो.

एक सांगतो, राग मानू नका. रेलिंगच्या पलीकडं जाऊ नका. बोरणे घाटात सेल्फीपायी दरीत गेलेल्या पर्यटकाला दोरानं वर काढल्याचा 2024 चा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. वर काढणारी माणसं इथलीच असत्यात, त्यांच्याही घरी पोरंबाळं हायेत. आणि कुरकुऱ्यांची पाकिटं परत न्या. नाचणीच्या वावरात वाऱ्यानं येऊन पडत्यात.

माहेरवाशीण
@वरच्या आळीचा, दादा, या शनिवारी येतोय, सासूबाईही आहेत. धुकं असेल का?

वरच्या आळीचा
ताई, शनिवारी नको, गर्दी. मंगळवारी या. धुक्याचं मी सांगू शकत नाही, पण दुपारी बाराच्या सुमाराला वारा सुटतो बऱ्याचदा. मोबाईल आधीच हातात धरा.