माथेरानच्या घोड्यावर मूल बसवताना हेल्मेट सक्तीचं हवं की नको?

निशिगंध
माथेरानला गाडी दस्तुरीपर्यंतच जाते. पुढे पायी, ई-रिक्षाने, नाहीतर घोड्यावर. मुलं बरोबर असली की घोड्याचा हट्ट ठरलेलाच. परवा तिथे पाचेक वर्षांची एक मुलगी पाहिली. पाय रिकिबीपर्यंत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीपर्यंत, पोहोचत नव्हते, म्हणून रिकिबीच्या वरच्या चामडी पट्ट्यात अडकवून दिले होते. दोन्ही हातांनी खोगिराची कडी घट्ट धरलेली आणि डोक्यावर कापडी टोपी. आईबाप पुढे फोटो काढत चालले होते.

दुचाकीवर चार वर्षांवरच्या मुलाला कायद्याने हेल्मेट लागतं. त्याहून लहान मुलांसाठीही २०२२ साली हेल्मेट आणि सुरक्षा पट्ट्याचा नियम निघाला. घोडा तर स्वतःच्या मर्जीचा जीव. इथे घोड्यावरून पडून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. माझं म्हणणं स्पष्ट आहे: चौदा वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट नाही तर फेरी नाही. कुणाशी घासाघीस नको.

नेरळकर
ताई, तुमची काळजी खरी आहे, पण सक्तीला माझा विरोध आहे. आमच्या घरी वडिलांपासून घोडे आहेत. मूल बसलं की आम्ही लगाम सोडत नाही, घोडा चालतच नेतो. घोडा पडतो तो कशाने? पेव्हर ब्लॉक ओले झाले की नाल घसरते. लाल मातीत टाप रुतते, तिथे घोड्याला भरवसा असतो. वाट धोक्याची करायची आणि हेल्मेटाचा खर्च अश्वपालावर टाकायचा, हे पटत नाही. पावसाळ्यात धंदा बसतो, पण घोड्याला चंदी, म्हणजे खुराक, रोज घालावीच लागते.

शिवाय एकच हेल्मेट दिवसभर किती डोक्यांवर जाणार? घाम, उवा. पालकच म्हणतात, हे नको घालू.

निशिगंध
पेव्हरबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण "चालतच नेतो" यावर एक हिशोब मांडते. घोड्यावर बसलेल्या लहान मुलाचं डोकं जमिनीपासून साधारण दोन मीटरवर असतं. तिथून नुसतं खाली पडलं तरी डोकं जमिनीला लागताना वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास होतो. घोडा उभा असला तरी! त्यात कडेला जांभा दगड. लगाम तुमच्या हातात आहे, मुलाचा तोल नाही.

आठवा_मैल
मीही विरोधातच. प्रत्येक गोष्टीत नियम आणला की तो पाळला जात नाही, त्याची फक्त वसुली होते. मूल घोड्यावर बसवायचं की नाही, हे आईबापांनी ठरवावं. आणि हेल्मेट घातलं की हेच पालक निर्धास्त होऊन म्हणणार, "भाऊ, जरा पळवा की." आज भीती आहे म्हणून घोडा चालतोय. त्यापेक्षा मूल बसलेलं असताना दुडकी चालही, म्हणजे हलकं धावणंही, बंद करा. त्याला पैसा लागत नाही.

टापटाप
मी मुलांना रायडिंग शिकवते. आमच्याकडे घोडा नुसता उभा असला तरी हेल्मेटशिवाय मुलाला वर चढू देत नाही. सगळ्यात गरीब घोडासुद्धा बुजतो. माकडाने उडी मारली, प्लास्टिकची पिशवी उडाली, मागून ई-रिक्षा आली, एवढं पुरतं. एका झटक्यात तो बाजूला सरकतो आणि मूल होतं तिथेच खाली येतं. पडल्यावर टापांचा धोका वेगळाच.

पण सक्ती म्हणून स्कूटरचं हेल्मेट चढवणार असाल तर तेही नको. ते जड असतं, लहान मुलाच्या मानेवर भार येतो आणि मोठ्या मापाचं असलं की डोळ्यांवर सरकतं. घोडेस्वारीचं हेल्मेट हलकं असतं, डोक्याची मागची बाजू खालपर्यंत झाकतं. भुवईच्या वर दोन बोटं बसायला हवं. पट्टा लावून मुलाला मान हलवायला सांगा. हेल्मेट मागेपुढे सरकलं तर माप चुकलंय. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये, आतला थर दबलेला वरून दिसत नाही.

आणि निशिगंधताई, तुम्ही सांगितलेला तो पट्ट्यातला पाय! मला डोक्याइतकीच त्याची धास्ती वाटते. मूल पडलं आणि पाय अडकलेलाच राहिला तर घोडा त्याला फरफटत नेतो. पाय पोहोचत नसेल तर मोकळा लोंबू द्या, नाहीतर रिकीब आखूड करून घ्या.

लीड्सकर
इंग्लंडमध्ये यावर १९९० चा कायदा आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाने रस्त्यावर घोडा चालवताना हेल्मेट घातलंच पाहिजे. पगडी बांधणाऱ्या शीख मुलांना सूट आहे. तो कायदा फक्त रस्त्यापुरता आहे, खासगी कुरणाला लागू नाही. जबाबदारी मुलावर नाही. ज्यांनी त्याला तसं बसू दिलं ते पालक आणि घोड्याचा मालक, दोघेही त्यात येतात. अमेरिकेत फ्लोरिडानेही २००९ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी कायदा केला. म्हणजे "नियम जमणारच नाही" हे खरं नाही.

आठवा_मैल
तिथे मूल स्वतःच्या हेल्मेटसह तबेल्यात जातं. इथे अर्ध्या तासाच्या फेरीसाठी मुंबईहून कोण हेल्मेट आणणार? तिकडचा कायदा उचलून दस्तुरीवर ठेवता येत नाही.

निशिगंध
आणायची गरजच नाही. माथेरानमध्ये शिरताना प्रत्येक पर्यटकाकडून कर घेतात. त्यातून नगरपरिषदेने तीन-चार मापांची हेल्मेटं दस्तुरीवर ठेवावीत. अनामत घेऊन द्यायची, परत आल्यावर आतून पुसून पुढच्याला. मुलाला आत घालायला सुती रुमाल बांधला की घामाचा आणि उवांचा प्रश्नही बराचसा सुटतो. अश्वपालांनी एक रुपया घालायचा नाही. आणि दुडकी बंदीची तुमची सूचना मला मान्यच आहे, ती हेल्मेटाच्या जोडीला हवी.

नेरळकर
हेल्मेट नगरपरिषदेचं असेल तर आमची तक्रार निम्मी कमी झाली. पण दंडाचं काय? मूल अर्ध्या वाटेत रडतं, आई हेल्मेट काढून हातात धरते. मी लगाम धरून पुढे चालतोय, मला मागचं दिसत नाही. पकडलं की परवाना माझा जाणार. हे चालणार नाही.

निशिगंध
वाटेत काढलं तर दंड पालकांना. दस्तुरीवरूनच विनाहेल्मेट निघालात तर तुम्हाला. असं लेखी असावं. मी नगरपरिषदेला अर्ज करतेय, तुमच्यासारख्या घोडेवाल्यांच्या सह्या असल्या तर वजन पडेल.

नेरळकर
मग घोड्यांच्या वाटेवरचे पेव्हर काढायची मागणी त्याच अर्जात घाला, हेल्मेटाच्या आधी. ती नसेल तर मी सही करणार नाही आणि बाकीच्यांनाही करू नका म्हणेन.