देवघरातलं नाणं रोमन निघालं, आता काय करू?

सायझिंगवाला

नमस्कार मंडळी. मी सोलापूर, साखर पेठेतला. चादरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं हिशेब लिहिले, आता घरीच असतो. वडील मिलमध्ये सायझिंग खात्यात होते, तेच नाव इथं घेतलंय. नाण्यांतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगतो.

आमच्या देवघरात टाकांच्या ओळीत शेवटी एक चांदीचं नाणं असतं. खंडोबा, भवानी आणि मग हे. आई त्याला लक्ष्मीचा रुपया म्हणते, कारण एका बाजूला बाई खुर्चीवर बसलीय, एका हातात काठी, दुसऱ्यात डहाळी. उलट्या बाजूला पुरुषाचं डोकं, उजवीकडे बघणारं, केसांवर पानांची माळ, नाक धारदार. गालावर छिन्नी मारल्यासारखा आडवा घाव. दर लक्ष्मीपूजनाला याला चिंच लावायची, वरून रांगोळीनं घासायचं आणि दुधानं धुवायचं, हे मी चड्डीत होतो तेव्हापासून बघतोय.

यंदा पुतणीनं मोबाईलवर फोटो काढला आणि अर्ध्या तासात म्हणाली, काका, हे रोमचं आहे. मी हसलो. मग भिंग घेऊन बसलो. बाईच्या एका बाजूला पी, ओ, एन, टी, आय, एफ आणि दुसऱ्या बाजूला एम, ए, एक्स, आय, एम अशी इंग्रजी अक्षरं. शेवटचा एम अर्धा कडेबाहेर गेलाय. हसू बंद झालं.

सराफाकडं नेलं. काट्यावर 3.62 ग्रॅम. रुंदी मी पट्टीनं मोजली, 18 मिलिमीटरच्या आसपास. त्यानं मला न विचारता कड कसोटीवर ओढली, म्हणाला चांदी चांगली आहे, पण असलं नाणं कोण घेणार, वितळवून जोडवी करून देऊ का? तसाच उठून आलो.

आलं कुठून, यावर घरात दोन पक्ष. आजोबा वैरागकडचे. आत्या म्हणते नांगराच्या फाळाला लागलं. आई म्हणते छे, बार्शीच्या बाजारात ज्वारीच्या पैशात कुणी दिलं. दोघी ऐंशीच्या पुढच्या, मागं हटायला कुणी तयार नाही.

तर विचारायचं असं की हे खरं आहे का, घरच्या घरी कसं तपासू, आणि किंमत काय? आणि आणखी एक, जरा लाजत विचारतो. पंधरा दिवस झाले, रात्री हेच डोक्यात आहे. अशी आणखी दोन-चार घ्यावीत असं वाटायला लागलंय. पीएफच्या व्याजात बसेल का हा शौक?

भुईकोट

काका लॉटरी लागली की ओ! दोन हजार वर्षांपूर्वीचं म्हणजे दोन-तीन लाख कुठं नाही गेले. बाहेरच्या लिलावाला पाठवा, इथं कुणाला दाखवूच नका.

कसोटीदगड

भुईकोट, थांबा जरा. लाखांचं विसरा आणि बाहेर पाठवायचं तर अजिबातच विसरा.

सायझिंगवाले, तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की फोटोची गरजच पडली नाही. हा टायबेरियसचा डिनेरियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं. टायबेरियस म्हणजे ऑगस्टसनंतरचा रोमन सम्राट, राज्य इ.स. 14 ते 37. पाँटिफ मॅक्झिम म्हणजे मुख्य पुरोहित, ही त्याची पदवी. बसलेली बाई लक्ष्मी नाही. ती शांतीची देवता असावी किंवा त्या रूपातली सम्राटाची आई लिव्हिया, असं मानतात. टाकसाळ लुग्डुनम, म्हणजे आजचं फ्रान्समधलं ल्याँ. बायबलात येशू नाणं दाखवायला सांगून 'सीझरचं ते सीझरला द्या' म्हणतो ना, ते बहुधा हेच असं लोक धरून चालतात. त्यामुळं जगभर मागणी, आणि मागणीमुळं नकलाही ढिगानं.

तुम्ही हिशेबनीस, म्हणून तुमच्याच भाषेत. या एका डिनेरियसचे सोळा अॅस होत, अॅस म्हणजे तांब्याचं नाणं. टायबेरियस गादीवर आला त्याच वर्षी, इ.स. 14 मध्ये, डॅन्यूबकडच्या सैन्यानं बंड केलं. मागणी काय, तर रोज एक पूर्ण डिनेरियस. तोवर मिळत होते रोज दहा अॅस, आणि त्यातून कपड्यांचे, हत्यारांचे, तंबूचे पैसे कापून घेत. मिलच्या गेटवर पगारवाढीच्या घोषणा ऐकलेल्या घरात हे नाणं इतकी वर्षं पूजेत होतं, मला तरी गंमत वाटली.

आता वजन. एका रोमन पौंडातून, म्हणजे साधारण 327 ग्रॅम चांदीतून, तेव्हा 84 नाणी पाडत. भागून बघा, एकाला 3.9 ग्रॅमच्या आत-बाहेर येतं. तुमचं 3.62. उरलेलं पाव ग्रॅम रोमन बाजारानं, इकडच्या गोणपाटानं आणि तुमच्या आईच्या रांगोळीनं खाल्लं. हसण्यावारी नेऊ नका. चिंच म्हणजे आम्ल आणि रांगोळी म्हणजे दगडाचा भुगा. आजपासून दोन्ही बंद. काळपटपणा हा मळ नाही, तोच त्या नाण्याचा अंगरखा. घासलेल्या नाण्याला संग्राहक दर पाडून मागतात.

तपासायचं असं. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणा. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबतं धरा, पेल्याच्या तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्यानं 3.62 ला भागा. उत्तर 10.3 च्या आसपास आलं तर चांगली चांदी. 9 च्या जवळ आलं तर आत तांबं, वर मुलामा. असली मुलाम्याची नाणी रोमन काळातही लोक पाडत होतेच, फसवणूक काही आजची नाही.

पण हे लक्षात ठेवा, आजच्या चांदीत ओतलेली नक्कलही या परीक्षेत पास होते. म्हणून भिंगातून कड बघा. साच्याच्या जोडाची रेघ, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, यातलं काही दिसलं की संशय घ्या. ठोकून पाडलेल्या नाण्यात चांदी ठशाच्या दाबानं बाहेरच्या बाजूला पसरलेली दिसते, अक्षरांच्या मुळाशी ती ओढ कळते.

गालावरच्या घावानं मात्र मला धीर आला. भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांवर असे छिन्नीचे घाव बऱ्याचदा दिसतात. कुणी म्हणतं आत तांबं आहे का ते बघायला, कुणी म्हणतं परक्या राजाचं चलन रद्द केल्याची खूण. नक्कल करणारा सहसा सुंदर चेहरा विकतो, स्वतःहून त्याला डाग लावत नाही.

पार्क चौक

नाण्यातलं मला कळत नाही, कायद्याचं थोडं कळतं. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तूच धरतात, आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. भुईकोट यांचा सल्ला थेट अडचणीत नेणारा. दुसरं, 1878 चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं असतं. दहा रुपये हा आकडा तेव्हाचा, तोच राहिलाय. आत्याबाई म्हणतात ते खरं असेल तर गोष्ट दोन पिढ्यांमागची आहे, तरी विकायचा विचार असेल तर आधी एखाद्या वकिलाला भेटा. नुसतं पूजेत ठेवायचं असेल तर आई आणि आत्यांचा निकाल लागेपर्यंत राहू द्या.

सायझिंगवाला

सगळ्यांचे आभार. विकायचं नाहीच, ते सराफाच्या दुकानातून उठलो तेव्हाच ठरलं होतं.

पण कसोटीदगड, हे फ्रान्समधलं नाणं वैराग-बार्शीकडं आलं कसं? उंटावरून?

कसोटीदगड

बैलगाडीनं, आणि बहुतेक तुमच्याच धंद्यापायी. वैरागहून तेर किती लांब? त्या तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय की भडोचहून, म्हणजे गुजरातच्या बंदरातून, पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, मोठं शहर. तिथून गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला काय जायचं, तर साधं कापड भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. बदल्यात येणाऱ्या मालात सोन्या-चांदीचे डिनेरियस, जे इथल्या नाण्यांशी बदलताना फायदा होतो असंही तो सांगतो. म्हणजे सोलापूरच्या चादरी, टॉवेल आखाताकडं जायच्या दोन हजार वर्षं आधी इथलं कापड तिकडं चाललं होतं. तिकडं प्लिनी नावाचा रोमन गृहस्थ बोंबलत होता की हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. चार सेस्टर्सचा एक डिनेरियस. हिशेब तुम्ही करा.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. गेला नसाल तर जा. हस्तिदंती बाहुली बघायची विसरू नका, तिच्यासारखीच एक बाहुली इटलीत, ज्वालामुखीनं गाडलेल्या पाँपेई शहराच्या राखेत सापडलीय.

आता तुमच्या शौकाचं. इकडच्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस याच दोघांची चांदी सगळ्यात जास्त सापडते. तेलंगणात नलगोंड्याकडच्या अक्कनपल्लीला दीड हजारांवर डिनेरियस एकत्र मिळाले. पुढं सम्राट नीरोनं इ.स. 64 मध्ये पौंडातून 84 ऐवजी 96 नाणी पाडायला घेतली आणि वर कसही उतरवला. त्यानंतरची चांदी इकडं फार थोडी दिसते. आपल्या व्यापाऱ्यानं जुनी नाणी ठेवून घेतली असणार. चाळीस काउंटचं बारीक सूत सांगून तीस काउंटचं जाड आलं तर तुमच्या कारखान्यात ते कितीदा खपलं असतं?

म्हणून माझं मत असं. दुसरा टायबेरियस घेऊ नका, महाग पडेल आणि फसालही. खाली उतरत जा, म्हणजे चांदी कमी होत गेलेली पुढच्या सम्राटांची नाणी घ्या. सेप्टिमियस सेव्हेरसचा एक डिनेरियस घ्या, 193 ते 211 मधला, चांदी जेमतेम निम्मी. मग तिसऱ्या गॉर्डियनचं एक मोठं नाणं, डोक्यावर सूर्यकिरणांसारख्या टोकांचा मुकुट असलेलं. ही जात कॅराकॅलानं 215 मध्ये काढली, दर्शनी किंमत दोन डिनेरियस असावी, आत चांदी दीडाची. शेवटी 260 नंतरचा गॅलिएनस. नावाला चांदीचा, मुळात तांबं, वर पुसट मुलामा, आणि बहुतेकदा तोही उडालेला. चारही नाणी तळहातावर ओळीनं ठेवा. रंग पांढऱ्याचा राखाडी, राखाडीचा तांबूस होत जातो. माझ्याकडं ही ओळ जमायला सहा वर्षं लागली, आणि पहिला सेव्हेरस मी बनावट घेतला होता. अजून जपून ठेवलाय, शिकवणीची फी म्हणून. शेवटची दोन स्वस्तात मिळतात, पीएफचं व्याज पुरेल. परवाना असलेल्या विक्रेत्याकडून, बिल घेऊनच घ्या. आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून हिरवट चिकट सुटतं.

सायझिंगवाला

काटा पुतणीनं मागवला. काल दुपारी स्वयंपाकघरात प्रयोग केला. पहिल्यांदा दोरा पेल्याला टेकला आणि काटा नाचायला लागला. दुसऱ्यांदा आईनं मधेच विचारलं, देवाला पाण्यात बुडवून काय शोधतोस? तिसऱ्यांदा आकडा थांबला, 0.35. तीन वेळा करून बघितलं, एकदा 0.34 आला. म्हणजे 10.3 आणि 10.6 च्या मधे. भिंगातून कडेला जोडाची रेघ नाही, पण सराफानं ओढलेली रेघ आहे, ती बघून अजून चिडचिड होते.

प्लिनीचा हिशेबही केला. वर्षाला सव्वा कोटी डिनेरियस. एवढं कापड कुणी विणलं असेल, ते लिहून ठेवलेलं दिसत नाही कुठं.

आईला सांगितलं की ती लक्ष्मी नव्हे, त्या राजाची आई असावी. थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, आईच आहे ना कुणाची तरी, राहू दे टाकांत. चिंचेवर मात्र ऐकायला तयार नाही. शेवटी तडजोड अशी झाली की दिवाळीला बाकीचे टाक चिंचेनं, आणि ही बाई नुसत्या पाण्यानं, लगेच मऊ कापडानं टिपून. कसोटीदगड, पाणी चालेल ना? की बोअरचं चालणार नाही? आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही.

कसोटीदगड

बोअरचं नको, क्षार असतात. पिण्याचं घ्या. आणि तेरला निघालात तर मला कळवा, बार्शीपर्यंत मी येतो.