स्वस्त टपाल तिकिटांची ऑनलाइन विक्री : घासाघीस करू द्यावी की एकच भाव ठेवावा?

(तिकीट जमवणाऱ्यांच्या ग्रुपवरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

दातेरी

२० ते २०० रुपयांची तिकिटं, मिनिएचर शीट (छोट्या सुट्या पानावर छापलेली तिकिटं), एफडीसी (प्रकाशनाच्या दिवशीचा शिक्का असलेले लिफाफे) विकणाऱ्यांनी भाव करणं पूर्ण बंद करावं, असं माझं ठाम मत आहे. भाव फोटोवरच लिहा आणि तोच घ्या. सूट द्यायची असेल तर संख्येवर द्या, बोलण्यावर देऊ नका.

समजा ६० रुपयांचा एक सेट आहे आणि तो तुम्हाला ३५ ला पडलाय. स्पीड पोस्टाचा १ ऑक्टोबर २०२५ पासूनचा दर ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये, बाहेरगावी ४७. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे २२.४२ किंवा ५५.४६. रजिस्टर पोस्टाचा स्वस्त रस्ताही आता नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच विलीन झालं. लिफाफा, पुठ्ठे, ग्लासीनची (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाची) पाकिटं यांचे ७-८ रुपये वेगळे. ६० च्या मालाला ६३ चा खर्च, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मसाला गिऱ्हाईक देतं, म्हणून कोंबडीत कापायला बघतं. "४० ला द्या" म्हटल्यावर तुम्ही हो म्हणालात, की २५ च्या नफ्यातले ५ उरले. स्कॅनिंग, पॅकिंग, पोस्टात जाऊन रांग लावणं, सगळं त्या पाचात.

दुसरं म्हणजे ग्रुपमधले लोक एकमेकांशी बोलतात. एकाला ६० ला दिलेला सेट दुसऱ्याला ४५ ला दिलात, की पुढच्या वेळी ६० कोणीच देत नाही. ज्याने मुकाट्याने पूर्ण पैसे दिले त्याच्यावर हा अन्याय आहे, आणि तोच तुमचा सगळ्यात चांगला ग्राहक असतो.

संख्येवरची सूट मात्र मनापासून द्यावी, कारण तिथे खर्च खरोखर वाचतो. मध्यम आकाराचं एक तिकीट ग्रॅमचा आठवा-दहावा भाग भरतं. एक सेट पाठवा नाहीतर पाच, पोस्टेज तेच. ३०० च्या वर १० टक्के सूट, आणि ५०० च्या वर सुटीऐवजी पोस्टेज आपल्याकडे. ५०० वर १० टक्के म्हणजे ५० आणि पोस्टेज ५५, म्हणजे आपल्याला जवळपास सारखंच. पण "पोस्टेज फ्री" वाचून लोक यादी पुन्हा एकदा वर-खाली बघतात.

जुनाबाजार

दातेरी, पोस्टेजचा हिशोब बिनचूक आहे. पण ते ६० आले कुठून, हे तुम्ही सांगितलंच नाही. बहुतेक जण कॅटलॉग उघडतात, त्यातला आकडा उचलतात, थोडा कमी करतात आणि त्याला "भाव" म्हणतात. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी स्मरणतिकिटांची छपाई ३० लाखांच्या घरात होती. त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे आजही लोकांकडे पडून आहेत. कॅटलॉगमधली किंमत म्हणजे दुकानदाराने निवडून, तपासून, एकच तिकीट हातात ठेवण्याचा मोबदला. घरबसल्या विकणाऱ्याला तो मिळेल असं धरून चालणं चूक आहे.

समोरचा ४० म्हणतो, तीही माहितीच आहे. तीन वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांचं न बघता, ४०-४५ सांगितलं तर त्या सेटचा भाव ४०-४५ आहे. तुमच्या ६० ला मग कोणी विचारत नाही. त्यात तुमच्याकडे त्याच सेटच्या २५ प्रती असतील तर पैसा अडकला. आणि तिकीट हा पडून राहून सुधारणारा माल नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात गोंद ओल धरतो, मागे पिवळे-तपकिरी ठिपके (टोनिंग) येतात, दोन तिकिटं एकमेकांना चिकटतात. आज ४५ ला गेलेला सेट पुढच्या गणपतीत टोनिंगसकट २० ला विकण्यापेक्षा केव्हाही बरा.

भाव करा, पण शिस्तीने करा. लावलेला भाव तळाच्या, म्हणजे ज्याच्या खाली विकायचंच नाही त्या भावाच्या, १५ टक्के वर ठेवा. तळ आधी कागदावर लिहा, चॅट चालू असताना ठरवू नका. प्रतिभाव एकदाच द्या. ६० लावलाय, ५२ तळ आहे आणि समोरून ३० आले, तर उत्तर एकच : "५२, याच्या खाली नाही." ५५ आले तर लगेच हो म्हणा, अजून दोन रुपये ओढत बसू नका. आणि मधला आकडा काढायची सवय सोडा. "तुमचे ३०, माझे ६०, चला ४५" हे ऐकायला बरं वाटतं, पण त्याने गिऱ्हाईक एवढंच शिकतं की पुढच्या वेळी २० पासून सुरुवात करायची.

ब्लॉक ऑफ फोर

१५ टक्के फुगवून ठेवणं मला अजिबात पटत नाही. त्याचा भुर्दंड कोणाला बसतो? ज्याला भाव करता येत नाही त्याला. शाळेतली मुलं, नव्याने छंद सुरू केलेल्या गृहिणी, निवृत्तीनंतर जुना अल्बम पुन्हा काढलेले काका. हे लोक विचारतच नाहीत, सांगितले तेवढे देतात. दोन-चार महिन्यांत त्यांना कळतं की बाकीच्यांना कमीत मिळतं, आणि ते ग्रुप सोडून जातात. छंदच मुळात नव्या माणसांवर जगतो.

भाव तोच ठेवून माल वाढवा. "४० ला द्या" म्हणणाऱ्याला सांगा, "६० च, पण सोबत याच विषयाची पाच युज्ड (शिक्का मारलेली) तिकिटं घालतो." ती पाच तुम्हाला किलोच्या भावाने घेतलेल्या लॉटमधून ५-६ रुपयांत पडलेली असतात, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, पोस्टेज बदलत नाही. गिऱ्हाईकाला वीस-पंचवीस रुपयांचं मिळाल्यासारखं वाटतं, आणि भाव मोडला नाही.

दातेरी

विषय जुळत असेल तरच. पक्ष्यांची तिकिटं जमवणाऱ्याला पाच नेहरू पाठवलेत तर तो ते कचरा समजतो आणि पुढच्या वेळी थेट पैशात सूट मागतो.

कोकणकडा

घेणाऱ्यांच्या बाजूने कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. घासाघीस विक्रेते स्वतःच ओढवून घेतात. भाव लिहायचा नाही, "पर्सनलवर विचारा" म्हणायचं. फोटो ट्यूबलाइटखाली तिरका, तिकिटाची मागची बाजू दाखवायचीच नाही. पोस्टेज किती ते पैसे द्यायच्या वेळी सांगायचं. अशा वेळी आम्ही काय धरायचं? मागे हिंजचा (तिकीट अल्बमला चिकटवायच्या छोट्या कागदी पट्टीचा) डाग असेल, टोनिंग असेल, कडेचा एखादा दात तुटका असेल. मिंट (कोरं, न वापरलेलं) म्हणून विकलेल्या तिकिटाला हिंज लागलेली निघाली तर निम्मी किंमत गेली. म्हणून ६० च्या तिकिटाला आम्ही ३५ सांगतो. त्याला तुम्ही घासाघीस म्हणता, पण तो न दाखवलेल्या बाजूचा भाव आहे.

सुगंधी तिकिटांचं बघा. चंदनाचं २००६ चं, गुलाबाचा चार तिकिटांचा सेट २००७ चा. यादीत नुसतं "मिंट, सुंदर" लिहितात. वास राहिलाय का, पाकीट बंद होतं का, की अल्बममध्ये उघडं होतं? एक ओळ लिहिली तर दहा प्रश्न वाचतात. वास उडालेला सेटही आम्ही घेतो, पण तो वास असलेल्याच्या भावात नाही.

नव्या तिकिटांचा भाव तर सगळ्यांनाच ठाऊक असतो, तो तिकिटावर छापलेला असतो. फिलाटेलिक ब्युरोत (टपाल खात्याच्या संग्राहकांसाठीच्या केंद्रात) २०० रुपये भरून डिपॉझिट खातं उघडलं की नवी तिकिटं दर्शनी किमतीत घरी येतात. ब्युरोत अजून मिळणारं ५ रुपयांचं तिकीट कोणी २० ला लावलं तर लोक भाव पाडून मागणारच, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

ग्लासीन

कोकणकडा ताईंशी शंभर टक्के सहमत. भावाचे निम्मे वाद नीट फोटो नसल्यामुळे होतात. फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर ६०० डीपीआय, पुढची आणि मागची बाजू दोन्ही. तिकिटाच्या पाठीवर काळा कार्ड ठेवून झाकण लावा, म्हणजे प्रत्येक दात वेगळा दिसतो. पांढऱ्या कागदावर तुटका दात लपतो. गोंद मात्र स्कॅनरवर कळत नाही. त्याचा फोटो खिडकीशी, उजेड बाजूने तिरका पडेल असा काढा. हिंज काढल्याची जागा तिथे चमक नसलेल्या चौकोनासारखी लगेच दिसते. वर्णनात चार गोष्टी लिहा : गोंद, हिंज, दात, टोनिंग. "छान कंडिशन" या शब्दांना काही अर्थ नाही.

पॅकिंगचंही तसंच. ए५ मापाचे ३०० जीएसएमचे दोन कार्ड मिळून साधारण १९ ग्रॅम, सी५ लिफाफा ८. उरले २३ ग्रॅम. त्यात सुटी तिकिटं हवी तेवढी बसतात, एफडीसी मात्र दोन-तीनच. पुढे गेलात की २५० ग्रॅमच्या टप्प्यात पडता, तिथे बाहेरगावी अंतरानुसार ५९ ते ७७ अधिक जीएसटी. म्हणून भाव सांगण्याआधी वजन करा. ग्लासीन स्वतः ओल शोषतं, पावसाळ्यात त्यावर पॉलिप्रॉपिलीनची पिशवी हवीच. पाकीट कार्डाला कागदी टेपने लावा. सेलोटेपचा गोंद उन्हात वितळून सरकतो आणि थेट तिकिटापर्यंत पोचतो. ज्या कडेने लिफाफा उघडायचा तिथे "इथून कापा" लिहा, नाहीतर लोक तिकिटासकट कात्री चालवतात.

माझा खरा राग डिलिव्हरीनंतरच्या घासाघिशीवर आहे. माल हातात पडल्यावर "थोडं टोनिंग आहे, ३० परत करा, ठेवून घेतो." याला कधीही हो म्हणू नका. तिकीट परत, पैसे पूर्ण परत, एवढाच पर्याय ठेवा. दोष फोटोत दिसत नव्हता तर परतीचं पोस्टेज आपलं, दिसत होता तर त्यांचं. अर्धे पैसे परत मिळतात हे एकदा पसरलं की प्रत्येक लिफाफ्यात टोनिंग सापडायला लागतं.

जुनाबाजार

ग्लासीन, हा नियम ५०० च्या मिनिएचर शीटला ठीक आहे. ६० च्या सेटला परत मागवायला ५५ लागतात. दोष तुमचा असेल तर ६० परत, ५५ परतीचे आणि हातात काय, तर टोनिंगवालं तिकीट. त्यापेक्षा २० परत देऊन विषय मिटवणं शहाणपणाचं. १५० च्या खालच्या मालाला परतीची भाषा करणं म्हणजे दोघांचं नुकसान.

ग्लासीन

१५० च्या खाली मग पूर्ण पैसे परत करा आणि तिकीट त्यांनाच ठेवू द्या. ६० चं नुकसान, ११५ चं नाही. पण अर्धे नकोतच. अर्धे पैसे म्हणजे ठरलेला भाव पुन्हा उघडणं. फुकट तिकीट मागायला बहुतेकांना संकोच वाटतो, २० रुपये मागायला कोणालाच वाटत नाही. आणि एकाच माणसाकडून दुसऱ्यांदा तक्रार आली तर पुढे त्याला विकू नका.

शाईचा शिक्का

दातेरी आणि जुनाबाजार, तुम्ही दोघं ज्या भावावरून भांडताय तो छोट्या लिलावात आपोआप ठरतो. रविवारी २० लॉट लावा, पाया (सुरुवातीची बोली) तुमच्या खरेदीच्या भावाचा, वाढ ५-५ रुपयांची, रात्री ९ ला बंद. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर पाच मिनिटं वाढवा, म्हणजे ८.५९ ला टपून बसणाऱ्यांचा फायदा होत नाही. पोस्टेज वेगळं, हे पहिल्याच ओळीत लिहा. २४ तासांत पैसे नाहीत तर लॉट दुसऱ्या बोलीवाल्याला. आणि नव्या विक्रेत्यांसाठी एक गोष्ट : पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. कोणी क्यूआर पाठवून "स्कॅन करा, पैसे जमा होतील" म्हणालं तर तिथेच थांबा.

पोस्टेजवर याहून मोठा इलाज म्हणजे राखून ठेवणं. जिंकलेले लॉट महिनाभर तुमच्याकडे, महिन्याअखेर एकच लिफाफा. ५५ रुपये दहा लॉटमध्ये वाटले गेले की भावावरून बोलायला कोणी येत नाही.

ब्लॉक ऑफ फोर

राखून ठेवायचं तर प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पाकीट आणि वही पाहिजेच. तारीख, लॉट, रक्कम, यूपीआयचा व्यवहार क्रमांक. दोघांचे लॉट एकमेकांत गेले तर निस्तरता निस्तरत नाही. आणि पैसे लॉट जिंकल्याबरोबर घ्या, महिन्याअखेर नाही.

दातेरी

लिलाव मला मान्य आहे, कारण तिथे सगळ्यांना सगळ्यांचा भाव दिसतो. माझा विरोध बंद खोलीतल्या घासाघिशीला आहे. २५ प्रती असलेल्या सेटलाही तेच करा. ६० ला महिनाभर गेला नाही तर सगळ्यांसमोर ५० करा, एकाला कानात सांगून नको.

जुनाबाजार

मग आधी ६० ला घेतलेल्याने फरक मागितला तर?

दातेरी

देऊ नका. पण त्याला पुढच्या यादीत पहिली निवड द्या, यादी ग्रुपवर टाकायच्या एक दिवस आधी. आणि ५०० च्या वरच्या लिफाफ्याला ५ रुपयांचं रजिस्ट्रेशन लावून घ्या, वर जीएसटी. मग तो ज्याच्या नावाने आहे त्याच्याच किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्याच हातात दिला जातो. "मिळालंच नाही, पैसे परत करा" हा वाद तरी त्यातून टळतो.