थिरथिरा, धोबी आणि नाचण: शेपटीवरून पडलेली नावं

कोथरूडकर:
नवरात्राच्या आसपास आमच्या गच्चीवर एक काळसर पक्षी यायला लागतो, पोटाखाली विटकरी रंग, टाकीच्या पाइपवर बसतो आणि शेपटी सारखी थरथरवतो. ब्लॅक रेडस्टार्ट, मराठीत थिरथिरा. आणि बागेत पाणी मारलेल्या हिरवळीवर शेपटी हलवत पळतो तो धोबी, म्हणजे वॅगटेल, काही लोक परीट पण म्हणतात. शेपटी दोघंही हलवतात, मग नावं वेगळी का? आणि थिरथिरा हा शब्द आपला की हिंदी?

टेकडीवाला:
नीट बघितलं तर हलवण्यातच फरक आहे. धोबी शेपटी वर-खाली आपटतो, घाटावर दगडावर धुणं आपटावं तशी, शिवाय तो बहुतेक पाण्याच्या कडेलाच दिसतो, म्हणून धोबी, म्हणून परीट. थिरथिऱ्याची शेपटी आपटत नाही, कापते, बसल्या बसल्या नुसतं कंप आल्यासारखं होतं. हिंदीतही थिरथिराच म्हणतात पण थरथर दोन्ही भाषांत आहे, त्यामुळे परका वाटायचं काही कारण नाही.
मला ही जुनी नावं फार मोलाची वाटतात कारण ती रंग नाही सांगत, वागणं सांगतात. थिरथिऱ्याची मादी काळी नसतेच, मातकट तपकिरी असते, ‘ब्लॅक’ शब्द धरून बसलात तर ती तुम्हाला ओळखूच येणार नाही, पण शेपटी तिचीही थरथरते!

कोथरूडकर:
अच्छा, म्हणजे गेल्या आठवड्यात मी चिरकाची, म्हणजे इंडियन रॉबिनची मादी समजून सोडून दिली ती हीच असणार बहुतेक. शेपटी तांबूस होती.

टेकडीवाला:
तांबूस शेपटी आणि थरथर, दोन्ही असेल तर हीच. चिरक शेपटी उभी धरतो आणि त्याचा तांबडा रंग शेपटीच्या बुडाखाली असतो, शेपटी काळपट.

एरंडवणा_बाग:
फोटो काढणाऱ्यांनी तर ही नावं पाठच करावीत. धोबी जमिनीवरचा, म्हणून उभं राहून वरून फोटो काढू नका, सरळ हिरवळीवर पोटावर झोपा, कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या रेषेत आला की मागचं सगळं आपोआप पुसट होतं. थिरथिरा त्याच त्याच जागी परत येऊन बसतो, त्यामुळे त्याच्यामागे धावण्यापेक्षा पाइपवर आधी फोकस करून थांबलेलं बरं, पण शेपटी स्पष्ट हवी तर शटर स्पीड १/१००० सेकंदापेक्षा संथ नको. आणि नाचण, म्हणजे फॅनटेल, ती नावाप्रमाणे एक क्षण स्थिर नसते, पंख्यासारखी शेपटी उघडते, गिरकी घेते, आणि ते पण झाडीच्या सावलीत, तिथे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, वाढवायचा आणि बर्स्ट, म्हणजे सलग भराभर फोटो, लावायचा, दुसरा इलाज नाही.

टेकडीवाला:
एक राहिलंच. रानधोबी, फॉरेस्ट वॅगटेल, तो शेपटी वर-खाली नाही तर डावी-उजवीकडे हलवतो. हिवाळी पाहुणा आहे, झाडीत जमिनीवर चरतो, क्वचित दिसतो. धोबी नाव तिथे फक्त नात्याने लागलंय, वागण्यावरून नाही.

कोथरूडकर:
अशी नावं एकत्र कुठे मिळतील?

एरंडवणा_बाग:
मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश बघा. वनखात्यात नोकरी करता करता जंगलातल्या लोकांकडून त्यांनी हे शब्द गोळा केले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून तो आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. त्या दिवसांत गावाकडच्या आजी-आजोबांना फोन करून विचारा, तुमच्याकडे धोब्याला काय म्हणतात, आणि गावाच्या नावासकट इथे लिहा.