फॉलोअर ४,२००, लाइक जेमतेम ५०: दुरुस्ती कुठून सुरू करावी?

कुंडीतली_माती
इन्स्टाग्रामवर घरातल्या झाडांच्या निगेचं पेज आहे. निम्मे फॉलोअर 'फॉलोला फॉलो' (तुम्ही मला करा, मी तुम्हाला) आणि एका गिव्हअवेतून (फॉलो करणाऱ्यांना बक्षीस) आलेले. आठवड्याला ५ रील टाकतो. कमेंट म्हणजे 'मस्त' आणि बदामाचे इमोजी. नवं खातं उघडू का?

आकडेमोड
नको. खातं प्रोफेशनल नसेल तर करून घ्या, म्हणजे इनसाइट्स, म्हणजे पोस्ट कोणी आणि किती पाहिली याचे आकडे, दिसतील. मागच्या १० पोस्ट काढा. प्रत्येकीचे सेव्ह, शेअर आणि कमेंट यांची बेरीज करून तिला रीचने (पोस्ट किती खात्यांना दिसली त्या आकड्याने) भागा. फॉलोअरच्या आकड्याने भागू नका, तुमच्याकडे तो आकडाच फुगलेला आहे. मग प्रतिसाद कोण देतंय ते बघा. फॉलोअर नसलेले जास्त देत असतील तर मजकूर ठीक आहे, गर्दी चुकीची जमलीय. दोन्हीकडे शुकशुकाट असेल तर दोष मजकुरात.

आणि गिव्हअवेत बक्षीस काय होतं? छाटणीची कात्री ठेवली तर निदान झाडवाले येतात. फोन ठेवला की कोणीही येतं.

रीळ_उलगडा
मजकुराचंच बोलतो. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५मध्ये तीन गोष्टींवर भर दिला होता: रील किती वेळ पाहिली जाते, लाइक, आणि ती किती जण दुसऱ्याला पाठवतात. फॉलोअरांपर्यंत पोहोचायला लाइकचं वजन थोडं जास्त, अनोळखी लोकांपर्यंत जायला पाठवण्याचं. म्हणून 'नमस्कार मित्रांनो' कापून टाका. पहिल्याच दृश्यात पिवळं पान दिसू दे, वर अक्षरं: 'खालची पानं पिवळी आणि माती ओली? पाणी थांबवा.' असली रील माणूस झाड मरत असलेल्या मित्राला पाठवतो. 'माझी सुंदर बाल्कनी' कोण कोणाला पाठवणार?

शेवटी 'कसं वाटलं?' विचारलंत तर 'मस्त'च येणार. 'कुंडी किती इंची, पाणी किती दिवसांनी घालता?' असं विचारा. उत्तर आलं की त्याच कमेंटला रीलने उत्तर द्या, पुढचा विषय आयता मिळतो. ५ऐवजी २ रील करा, उरलेला वेळ कमेंटींना.

कुंडीतली_माती
आणि ते जुने फॉलोअर? काढून टाकू?

आकडेमोड
काढता येतात, त्यांना सूचना जात नाही. पण भराभर काढलेत तर अ‍ॅप काही काळ अडवतं, रोज थोडे काढा. आधी हजारोंना फॉलो करणारी, फोटो नसलेली खाती. नुसती एकही पोस्ट नाही म्हणून मात्र काढू नका, मुकाट्याने वाचणारेही तसेच दिसतात.

रीळ_उलगडा
तोवर खात्यात 'ट्रायल रील' दिसत असेल तर ती वापरा. ती आधी फॉलोअर नसलेल्यांनाच दाखवली जाते, त्यामुळे या गर्दीचा अडथळा येत नाही. ७२ तासांत चांगली चालली तर आपोआप सगळ्यांना दाखवायची सोयही त्यात आहे. ती सोय बंद ठेवा, आकडे बघून स्वतः ठरवा.