मिडलवेअर लावूनही एरर आली की ब्राउझरमध्ये कॉर्सचीच बोंब

रात्रपाळी: नोडमध्ये लॅम्डा (एडब्ल्यूएसवर विनंती आली की चालणारं फंक्शन), पुढे एपीआय गेटवेचं रेस्ट एपीआय (बाहेरच्या विनंत्या आधी तिथे येतात). प्रत्येक फंक्शनमध्ये ट्राय-कॅच लिहून वैताग आला म्हणून मिडी (फंक्शनच्या आधी-नंतर चालणारे तुकडे, म्हणजे मिडलवेअर, जोडायची लायब्ररी) बसवलं. आधी एरर हँडलर, मग जेसन पार्सर, व्हॅलिडेटर आणि शेवटी कॉर्स (दुसऱ्या डोमेनच्या पानाला उत्तर वाचू देणारं हेडर टाकतो तो) असं लावलंय, म्हटलं एरर हँडलर सगळ्यात बाहेर असलेला बरा. व्हॅलिडेशन फसलं की पोस्टमनमध्ये (एपीआय तपासायचं टूल, ते कॉर्स बघत नाही) छान ४०० (चुकीची विनंती) दिसतो पण ब्राउझरमध्ये कॉर्स एरर, आणि फ्रंटएंडवाला माझ्या डोक्यावर बसलाय. अरे कॉर्स लावलंय ना!

बॅकएंडचा_बोका: ऑर्डर चुकलीये तुझी. मिडलवेअरचे बिफोर (फंक्शनआधीचे) भाग वरून खाली चालतात, आफ्टर (नंतरचे) आणि ऑनएरर (एरर आल्यावरचे) खालून वर. म्हणजे एरर आली की कॉर्स आधी उठतं, बघतं तर रिस्पॉन्सच नाही, हेडर चिकटवणार कशाला, गप परत जातं. त्यानंतर हँडलर ४०० तयार करतो आणि तो बिनहेडरचाच बाहेर पडतो. कॉर्स वर घे, हँडलर सगळ्यात शेवटी.

रात्रपाळी: चाललं!! दोन दिवस गेले राव. पण टोकन एक्सपायर झालं की ४०१ ला अजून तेच, आणि क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसचे लॉग दिसतात तिथे) लॉगची एक ओळ नाही.

बॅकएंडचा_बोका: लॉग येणार कुठून, ऑथरायझरने (गेटवेवर टोकन तपासणारा) दारातूनच परत पाठवलंय, तुझं फंक्शन उठलंच नाही तर मिडलवेअर काय करणार. गेटवे रिस्पॉन्सेसमध्ये (गेटवे स्वतःच देतो ती उत्तरं) डिफॉल्ट ४एक्सएक्स आणि ५एक्सएक्स (४०० आणि ५०० च्या घरातले एरर कोड) दोन्हींना अलाऊ-ओरिजिन हेडर टाक. आणि नंतर स्टेजला परत डिप्लॉय कर, मी ते विसरून अर्धा दिवस ब्राउझरची कॅश साफ करत बसलो होतो.

साधा_माणूस: जरा वेगळं, पण हीच सगळी चेन कॉपी करून एसक्यूएसवाल्या (मेसेजच्या रांगेवर चालणाऱ्या) लॅम्डाला लावू नकोस. आम्ही लावली होती. मेल पाठवताना एरर यायची, हँडलर ती पकडून गुमान ५०० परत द्यायचा, पण तिथे ५०० बघायला कोण बसलंय, फंक्शनने एरर बाहेर फेकली नाही म्हणजे लॅम्डाच्या लेखी काम झालं, मेसेज रांगेतून डिलीट. रिट्राय नाही, डेड लेटर क्यू (सारखे फसलेले मेसेज जातात ती रांग) रिकामी, लॅम्डाचा एरर्स मेट्रिक शून्य, आम्ही खूश. गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले तेव्हा कळलं. तिथे एरर सरळ बाहेर जाऊ दे. आणि एपीआयला अलार्म लावशील तो गेटवेच्या ५एक्सएक्सवर लाव, लॅम्डाच्या एरर्सवर लावलास तर हँडलरने पकडलेल्या एररना वाजणारच नाही.

रात्रपाळी: आयला, आमच्याकडे इनव्हॉइसवाल्या क्यूला हीच चेन आहे. थांब बघून येतो.