भावाला संक्रांतीनंतरचं काहीच आठवत नाही, रिपोर्ट सगळे नॉर्मल. मदत हवी आहे

नमस्कार, लिहिता लिहिता मोठं होईल, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय ३४, तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. मागच्या महिन्यात सकाळी डेअरीला दूध घालायला म्हणून गेला तो आलाच नाही, फोन घरीच चार्जिंगला. तिसऱ्या दिवशी सोलापूरच्या एसटी स्टँडवरून फोन आला, कँटीनवाल्यांनी बघितलं की हा माणूस कालपासून एकाच बाकावर बसलाय, नाव विचारलं तर सांगता येईना, खिशात कृषी सेवा केंद्राची पावती होती तिच्यावरून आमचा पत्ता लागला. मी गेल्यावर थोडा वेळ नुसता बघत राहिला, मग 'ताई' म्हणाला. घरी आईला ओळखलं, कुत्र्याला ओळखलं. पण संक्रांतीनंतरचं सगळं कोरं.

आता संक्रांतीनंतर काय झालं ते ऐका. फेब्रुवारीत व्यापाऱ्यानं माल उचलला आणि साडेअकरा लाख बुडवून गायब झाला. मार्चमध्ये अण्णा, म्हणजे आमचे वडील, बागेतच हार्ट अ‍ॅटॅकने गेले, सोबत हा एकटाच होता. अग्नी यानेच दिला. आणि सोलापूरहून आल्यावर पहिला प्रश्न काय, तर 'अण्णा दिसत नाहीत?' काका पटकन बोलून गेले, मग दोन दिवस जेवला नाही. आता अण्णा नाहीत हे त्याला माहितेय, पण आम्ही सांगितलं म्हणून माहितेय. कुणीतरी शहाण्याने दिवसकार्याचा फोटो दाखवला, त्यात याचं मुंडण केलेलं. फोटो मोठा करून बघत बसला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचे केस चाचपत होता.

एमआरआय, ईईजी, बी १२, थायरॉईड सगळं नॉर्मल. न्यूरोवाल्यांनी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, ते म्हणाले डिसोसिएटिव्ह अ‍ॅम्नेशिया, म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्याने आठवणी हाताशी न येणं, जोर देऊन आठवायला लावू नका. पण दहा मिनिटांत किती समजणार हो. परवा छाटणी सुरू केली तर कात्री सराईतासारखी चालवतोय, काडीवर डोळे किती ठेवायचे ते मजुरांना दाखवतोय, आणि एप्रिलची खरड छाटणी त्यानेच केलेली ती मात्र आठवत नाही. त्यावरून भावकीत सुरू झालं, 'कर्ज बरं विसरला, कात्री बरी नाही विसरला'. आई देवऋषाकडे न्यायचं म्हणतेय, मेहुणे म्हणतात संमोहन करून एका बैठकीत सगळं बाहेर काढतात. हे नाटक नाही ना, इतकंच आधी कुणीतरी सांगा. आणि आठवण येते का परत? आम्ही घरात वागायचं कसं?

निंबोणी: ताई, मी न्यूरो वॉर्डला नर्स होते. कात्रीचं आणि प्रसंगाचं खातं मेंदूत वेगळं असतं. या आजारात स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग, तेही बहुतेक वेळा ज्याचा धक्का बसला त्याच्या आसपासचे, हाताशी येत नाहीत. शिकलेलं काम, भाषा, हिशोब सहसा शाबूत राहतं. म्हणजे भावकीला ज्याचा संशय येतोय तेच या आजाराचं रूप आहे. मेंदूच्या काही आजारांत माणूस नवीन सांगितलेलंही पाच मिनिटांत विसरतो आणि तोच प्रश्न परत परत विचारतो, तुमच्या भावाला सांगितलेलं लक्षात राहतंय. घर सोडून निघून जाण्याला फ्यूग म्हणतात, २०१३ च्या डीएसएम-५ पासून (अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांचं निदानाचं पुस्तक) तो याच निदानाखाली धरतात. आठवण बऱ्याच जणांची येते, कुणाची एकदम, कुणाची तुकड्यातुकड्याने, काहींची थोडी राहून जाते. यावर खास असं औषध नाही, झोप-नैराश्यासाठी देतात ते वेगळं.

जुना_वाचक: संमोहनाबद्दल. १८८७ साली अमेरिकेत र्‍होड आयलंडचा अँसेल बोर्न नावाचा धर्मोपदेशक गायब झाला आणि पेन्सिल्व्हेनियात नॉरिसटाउनला ब्राउन नावाने छोटं दुकान चालवत राहिला. १४ मार्चला जागा झाला तर दुकान कुणाचं तेच कळेना. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये त्याला संमोहित केलं, ब्राउनच्या आठवणी निघाल्या, पण बोर्नच्या आठवणींशी त्यांचा सांधा काही जुळला नाही. तेव्हा एका बैठकीत वगैरे विसरा. शिवाय स्मृतीवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टसच्या १९९५ च्या प्रयोगात २४ जणांना 'तू लहानपणी मॉलमध्ये हरवला होतास' असं घरच्यांच्या नावाने खोटंच सांगितलं, तर साधारण पाव लोकांना ते थोडंफार आठवायलाही लागलं. म्हणून त्याच्या तोंडात आठवणी घालू नका. विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगा, न विचारता फोटो नको.

सावली७: आमच्या घरात झालंय हे, म्हणून एकच सांगते. आठवण परत येते तो दिवस आनंदाचा असेल असं धरून चालू नका. कर्ज, वडील, सगळं एकदम अंगावर येतं आणि तेव्हा जिवाचा धोका वाढतो. रात्री एकटा झोपवू नका. बाग म्हटल्यावर फवारणीची औषधं घरात असणारच, ती आज हलवा. डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा, आणि अडीनडीला टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात, रात्रीसुद्धा. देवऋषाचं आईंशी भांडू नका, फक्त त्याला मारझोड, धुरी, उपास होऊ देऊ नका.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. निंबोणीताईंचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला, काही बोलले नाहीत पण संध्याकाळी छाटणीला येऊन त्याच्या शेजारच्या ओळीत उभे राहिले. औषधाच्या खोलीला कुलूप घातलंय, चावी माझ्या मंगळसूत्राला. सोमवारी परत डॉक्टरांकडे जातोय, यावेळी प्रश्न कागदावर लिहून.